कॉन्ट्राफॅक्ट (जॅझ)

जुन्या गाण्याच्या कॉर्ड्स (चालीखाली एकत्र वाजणारे स्वरांचे गट) तशाच ठेवायच्या, त्यांच्यावर पूर्ण नवी चाल बांधायची आणि नावही नवं द्यायचं, याला जॅझमध्ये कॉन्ट्राफॅक्ट म्हणतात. जुन्या युरोपियन संगीतात या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा होता, तिथे चाल जुनी आणि शब्द नवे, म्हणजे आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असायचं तोच प्रकार. जॅझमध्ये हा शब्द अभ्यासकांनी आणला, वादक नुसतं ‘चेंजेस’, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम, म्हणायचे. संगीताचे अभ्यासक फ्रँक टिरो यांनी १९६७ मध्ये या परंपरेवर लेख लिहिला तेव्हा ते तिला ‘मूक थीम’ म्हणाले, कारण मूळ गाणं वाजत नाही पण खाली असतंच. जेम्स पॅट्रिक यांच्या १९७५ च्या लेखात मात्र कॉन्ट्राफॅक्ट हा शब्द आहे आणि पुढे तोच रुळला.

सुरुवात कुठल्या एका रेकॉर्डपासून धरावी हे सांगणं अवघड आहे, पण बेनी मोटेनच्या बँडचं ‘मोटेन स्विंग’ १९३२ चं आहे आणि ते ‘यू आर ड्रायव्हिंग मी क्रेझी’च्या कॉर्ड्सवर आहे, म्हणजे बीबॉपच्या (१९४० च्या दशकातली वेगवान, गुंतागुंतीची जॅझ शैली) कितीतरी आधी हे चालू होतं. गर्श्विनच्या ‘आय गॉट रिदम’वर (१९३०) तर इतक्या चाली बांधल्या गेल्या की त्या कॉर्ड्सनाच ‘रिदम चेंजेस’ नाव पडलं. चालीला कॉपीराइट असतो, कॉर्ड्सना सहसा नाही, त्यामुळे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची रॉयल्टी वाचायची, हे कारण नेहमी दिलं जातं आणि ते खरंही आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं ‘को-को’ (२६ नोव्हेंबर १९४५) ‘चेरोकी’ या गाण्याच्या कॉर्ड्सवर आहे, त्याच्या पहिल्या टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पहिल्या प्रयत्नात, वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल घेतात आणि टेक तिथेच थांबवला जातो, बहुधा याच कारणाने. पण फक्त पैशासाठी कोणी एवढी अवघड चाल बांधत नाही, पाठ असलेल्या कॉर्ड्सवर हात मोकळा सुटतो हे कारण जास्त मोठं वाटतं.

सगळ्यात जास्त वाद ‘डोना ली’ ही चाल कोणाची यावर आहे. ८ मे १९४७ ला सॅव्हॉय या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग झालं, वादक होते पार्कर, माइल्स डेव्हिस (ट्रम्पेट), बड पॉवेल (पियानो), टॉमी पॉटर (बेस), मॅक्स रोच (ड्रम्स). पाया १९१७ च्या ‘इंडियाना’ या गाण्याचा, ३२ बार (तालाची आवर्तनं), ए फ्लॅट हा मूळ स्वर. नाव बेसवादक कर्ली रसेलच्या मुलीवरून दिलं असं सांगतात, पण या रेकॉर्डिंगला रसेल नव्हताच. रेकॉर्डच्या लेबलवर रचनाकार म्हणून पार्करचं नाव आहे. माइल्सने मात्र १९८९ च्या आत्मचरित्रात सांगितलं की ही चाल आपली, लेबलवर चूक झाली, आणि संगीत संयोजक गिल एव्हान्स क्लॉड थॉर्नहिलच्या बँडसाठी ती मागायला आपल्याकडेच आला होता. विरुद्ध बाजू म्हणते की वाक्यांची वळणं सरळसरळ पार्करची आहेत. तिसरा धागा ट्रम्पेटवादक फॅट्स नॅवारोचा, त्याच्या ‘आइस फ्रीझेस रेड’मध्ये, तेही १९४७ चंच आणि ‘इंडियाना’वरचंच, सुरुवात बरीच जुळते. त्याच ऑगस्टमध्ये माइल्सने ‘लिटल विली लीप्स’ आणि ‘हाफ नेल्सन’ रेकॉर्ड केलं, दोन्ही याच पद्धतीने बांधलेली, ते पाहिलं की माइल्सचं म्हणणं जास्त पटतं. वळणं पार्करची असणं हा पुरावा कच्चा आहे, त्या काळात सगळेच तरुण पार्करसारखे बोलत होते.

१९७६ मध्ये बेसवादक जॅको पास्टोरियसने ‘डोना ली’ फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बेसवर वाजवली, सोबत फक्त डॉन अलियासचे काँगाज, म्हणजे हाताने वाजवायचे ढोल. पियानो नाही, गिटार नाही, कॉर्ड धरायलाच कोणी नाही, आणि तरी प्रत्येक बारला ‘इंडियाना’ खाली सरकताना कानाला कळतं, बेसच्या एका ओळीतून. पायाचं काम करणाऱ्या वाद्याने चाल उचलली आणि पायाही सोडला नाही, त्यामुळे नंतरच्या बेसवादकांना हा तुकडा बसवल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने याच्या पुढे जाऊन कॉर्ड्सनाच हात घातला, ‘२६-२’ (१९६०) हे पार्करच्या ‘कन्फर्मेशन’वर आहे पण मधल्या जागा त्याने स्वतःच्या कॉर्ड्सनी भरल्यात, त्यामुळे मूळ पाया पहिल्यांदा ऐकताना सापडत नाही.