गोफणीचा झटका आणि गोल्फचा स्विंग

ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्या राखणदाराची गोफण बारकाईने पाहावी. दगड सुटतो त्या क्षणी हाताचा वेग ओसरू लागलेला असतो आणि तोच वेग दोरीच्या टोकाकडे गेलेला असतो. गोल्फ शिकू लागलेल्या कोल्हापूरकराला मी पहिल्या दिवशी हेच दाखवीन. तालमींच्या या शहरात चेंडू दंडाच्या ताकदीने लांब जातो असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नवशिक्याचा स्विंग (क्लब फिरवून चेंडू मारण्याची हालचाल) बिघडतो तो नेमका याच समजुतीने.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने स्विंग हा दुहेरी लंबक असतो. खांद्यांभोवती फिरणारे हात हा पहिला लंबक, तर मनगटाच्या बिजागरीने त्याला जोडलेला क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, हा दुसरा. क्लब वर नेताना मनगटे मुडपली जाऊन हात आणि क्लब यांच्यात साधारण काटकोन होतो. खाली येताना हा कोन जितका वेळ टिकेल तितका वेळ क्लबचे वजन फिरण्याच्या केंद्राजवळ राहते आणि हातांना गती घेणे सोपे जाते. त्यानंतर क्लब आपोआप बाहेर झेपावतो, त्याच्या ओढीने हात मंदावतात आणि हातांची ऊर्जा क्लबच्या डोक्यात, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकात उतरते. नवशिक्या मात्र जोर लावण्याच्या घाईत मनगटे वरूनच उलगडतो, त्यामुळे क्लबचा सर्वाधिक वेग चेंडूपाशी पोहोचण्याआधीच येऊन जातो.

ही चूक वाटेत सुधारता येत नाही. क्लब वरून खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, तर डोळ्यांनी पाहून शरीराने प्रतिसाद द्यायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो. चेंडू आणि क्लब यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतकाच टिकतो. म्हणून सुधारणा करायची ती उभे राहण्याच्या पवित्र्यात, पकडीत आणि क्लब वर नेण्याच्या संथ हालचालीत. गच्चीवर चेंडूशिवाय करता येणारी एक चाचणी मला फार मोलाची वाटते. क्लब उलटा करून डोक्याकडील बाजूने धरावा आणि फिरवावा. वेग वाढतो तसा हवेचा आवाज झपाट्याने वाढतो, त्यामुळे ‘सूं’ कोठे सर्वांत मोठा येतो हे कान अचूक सांगतात. तो चेंडूच्या जागी किंवा किंचित पुढे यायला हवा. उजव्या खांद्याजवळ आला, तर मनगटे लवकर सुटली.

दिशेचे गणित वेगळे आहे. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबचा दर्शनी पृष्ठभाग स्पर्शाच्या क्षणी कोठे रोखलेला आहे त्यावर ठरते. चेंडू 2 अंशांनी जरी वाकडा निघाला, तरी 150 मीटरवर तो सुमारे 5 मीटर बाजूला पडतो. पृष्ठभागाची दिशा आणि क्लबच्या प्रवासाची दिशा जुळली नाही, तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू हवेत वळतो. पृष्ठभागाचा उतार, म्हणजे त्याचा मागे झुकलेला कोन, जितका जास्त, तितकी मागे फिरणारी फिरकी अधिक आणि त्याच चुकीने होणारा अक्षाचा कल कमी. सुमारे 10 अंश उताराचा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) नवशिक्याला छळतो आणि 30 अंशांच्या आसपासचा सात क्रमांकाचा आयर्न (पात्यासारख्या धातूच्या डोक्याचा क्लब) त्याला सांभाळून घेतो, याचे कारण हेच. पहिले काही महिने ड्रायव्हर विकतच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साहित्याचा प्रश्न शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला लगेच समजेल. आयर्नचे डोके दोन प्रकारे बनते: तापवलेला पोलादाचा तुकडा ठोकून, म्हणजे फोर्जिंगने, किंवा वितळलेले पोलाद साच्यात ओतून. ओतकामात मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचा साचा चढवून मेण वितळवून काढतात, त्यामुळे मागची बाजू पोकळ ठेवून वजन कडांना नेणे सोपे आणि स्वस्त पडते. वजन केंद्रापासून दूर गेले की जडत्व आघूर्ण, म्हणजेच फिरवले जाण्याला वस्तूचा होणारा विरोध वाढतो. चेंडू मधोमध न लागता टोकाकडे लागला, तरी असे डोके कमी वळते आणि अंतर फारसे घटत नाही. अमेरिकेतील अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये पटरचे, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच खळग्याकडे ढकलण्याच्या क्लबचे, वजन दोन्ही टोकांना विभागले आणि पुढे तेच तत्त्व आयर्नमध्ये आणले. नवशिक्याच्या बाबतीत स्वस्त ओतीव क्लब हाच अधिक योग्य क्लब असतो, ही मला आनंदाची गोष्ट वाटते.

नियमानुसार 14 क्लब ही कमाल मर्यादा आहे, किमान मर्यादा नाही. लांब फटक्यासाठी एक हायब्रिड, सात आणि नऊ क्रमांकांचे आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी एक वेज आणि एक पटर एवढ्यावर दीर्घकाळ शिकता येते. चेंडूही साधा, दोन थरांचा घ्यावा. वापरलेले क्लब घेताना डोक्यावरच्या ओरखड्यांपेक्षा शाफ्टचा (दांड्याचा) सरळपणा, डोक्याचा सांधा आणि गंज तपासावा. ग्रिपचे (मुठीचे) रबर कडक झाले असेल, तर ते थोडक्या खर्चात बदलता येते. निसरड्या ग्रिपमुळे हात क्लब आवळून धरतात आणि आवळलेले मनगट बिजागरीसारखे उलगडतच नाही. पावसाळ्यात मात्र पोलादी शाफ्टचे क्लब ओल्या पिशवीत ठेवू नयेत. पुसून, कोरडे करून उघड्यावर उभे ठेवावेत.