पहिल्या शॉटमधलं आकाश: ‘अमेरिकन ग्राफिटी’ घरच्या पडद्यावर येताना काय काय बदललं

‘अमेरिकन ग्राफिटी’ला २०२३ मध्ये पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी त्याची ४के डिस्क बाजारात आली. जुन्या विनोदी चित्रपटाची नवी डिस्क आली की बोलणं बहुतेक वेळा चित्र किती स्वच्छ आणि आवाज किती खणखणीत एवढ्यावरच थांबतं. या चित्रपटाच्या बाबतीत मात्र १९९८ पासून आणखी एक प्रश्न विचारला जातो: आपण घरी बघतो तो १९७३ चा चित्रपट आहे का? सरळ उत्तर ‘नाही’ असंच आहे. ते तसं कसं झालं, याची ही पार्श्वभूमी.

चार मुलं, एक रात्र, गाड्या आणि रेडिओ. गोष्ट एवढीच, त्यामुळे थेट चित्रीकरणाकडे जाऊ. गोष्ट १९६२ च्या कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोमध्ये घडते, पण १९७२ पर्यंत ते गाव इतकं बदललं होतं की तिथे काम करणं शक्य नव्हतं. सॅन राफेलमध्ये सुरुवात झाली आणि स्थानिक धंद्याला त्रास होतोय म्हणून तिथली परवानगी लगेच काढून घेतली गेली. मग सगळा बाडबिस्तरा पेटालुमाला हलला. अंदाजपत्रक पावणेआठ लाख डॉलरच्या आसपास होतं. एवढ्या पैशांत रुंद पडद्याचा चित्रपट करायचा तर टेक्निस्कोप हाच परवडणारा मार्ग होता.

घरच्या आवृत्त्यांची निम्मी कथा या टेक्निस्कोपमध्येच आहे. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर एक फ्रेम फिल्मच्या कडेच्या चार छेदांइतकी उंच असते. टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छेदांची असते, म्हणजे फिल्म निम्मी लागते आणि चित्र आपोआप आडवं, लांबट मिळतं. मोबदल्यात निगेटिव्हवरची जागाही निम्मीच वापरली जाते, त्यामुळे थिएटरसाठी प्रिंट मोठी करताना फिल्मचे कण ठळक होतात. त्यात हे सगळं रात्रीचं काम, रस्त्यावरचे दिवे आणि दुकानांच्या निऑन पाट्या यांच्या उजेडाला धरून केलेलं. चित्र खरखरीत आलं आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकासला ते तसंच हवं होतं: कुणीतरी त्या रात्री कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभं होतं असं वाटणारं. हा खरखरीतपणा दोष नव्हता. पुढे चित्र ‘साफ’ करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसरी निम्मी कथा गाण्यांची आहे. चित्रपटात वेगळं पार्श्वसंगीत नाही. एकेचाळीस गाणी आणि त्यांच्यामध्ये बोलणारा रेडिओवरचा निवेदक हेच त्याचं संगीत. हक्कांसाठी सगळ्या प्रकाशकांपुढे सारखाच, ठरलेल्या रकमेचा प्रस्ताव ठेवला गेला. बहुतेकांनी तो मान्य केला आणि सुमारे ९० हजार डॉलरमध्ये काम झालं. एल्व्हिस प्रेस्लीची गाणी जिच्याकडे होती त्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने नकार दिला. म्हणूनच १९६२ च्या अमेरिकन तरुणाईवरच्या या चित्रपटात एल्व्हिस प्रेस्लीचं एकही गाणं नाही.

ही गाणी ज्या पद्धतीने ऐकू येतात ते काम मला आजही थक्क करतं. आधी निवेदकासकट गाण्यांचा सलग रेडिओ कार्यक्रम तयार केला. मग तो उघड्या अंगणात स्पीकरवर वाजवला. एकजण स्पीकर फिरवतोय, लांबवर दुसरा मायक्रोफोन फिरवतोय, आणि तो आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित होतोय. मिश्रणाच्या वेळी मूळ कोरडा आवाज आणि हा मोकळ्या हवेतला आवाज शेजारी ठेवून एकातून दुसऱ्यात सरकवला गेला. त्यामुळे एकच गाणं कधी गाडीच्या आत वाजतं, कधी समोरून जाणाऱ्या गाडीतून, कधी दोन गल्ल्या पलीकडून. हे सगळं १९७३ मध्ये एका चॅनेलच्या, म्हणजे मोनो, आवाजात साधलं होतं. डावा-उजवा स्पीकर हाताशी नसताना अंतर निर्माण केलं ते फक्त आवाजाच्या पोतातून.

जानेवारी १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खास खेळ झाला. प्रेक्षक खूश झाले, पण युनिव्हर्सल स्टुडिओचा वरिष्ठ अधिकारी नाराज होता. शेवटी प्रदर्शनापूर्वी स्टुडिओने चारेक मिनिटं कापली. नायकांपैकी एकाची शिक्षकाशी होणारी चकमक, चष्मेवाल्या पोराच्या गळ्यात पडणारा जुन्या गाड्यांचा विक्रेता, आणि शर्यतीतल्या आगंतुकाने गाडीत बसून म्हटलेलं गाणं, अशा तीन जागा गेल्या. चित्रपट ऑगस्टमध्ये लागला, तुफान चालला, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर नामांकनं मिळाली. ती चार मिनिटं मात्र दिग्दर्शकाच्या मनात सलत राहिली. आपल्या चित्रपटावर शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे, हा त्याचा पुढचा सगळा हट्ट अशा प्रसंगांतून आला.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटाने त्याला तो शब्द मिळवून दिला. १९७८ मध्ये ‘ग्राफिटी’ पुन्हा थिएटरात आला तेव्हा तिन्ही प्रसंग परत आले आणि आवाज डॉल्बी स्टिरिओमध्ये नव्याने मिसळला गेला. शर्यतीतल्या त्या आगंतुकाचं काम करणारा हॅरिसन फोर्ड एव्हाना मोठा तारा झाला होता, तेव्हा त्याचा वाढलेला वावर व्यापाराच्याही पथ्यावर पडला. घरगुती माध्यमांनी पुढे हीच १९७८ ची आवृत्ती प्रमाण धरली. म्हणजे १९७३ च्या प्रेक्षकांनी पाहिलेला, थोडा आखूड आणि मोनो आवाजाचा चित्रपट पहिल्या वळणावरच मागे राहिला. याबद्दल फारशी तक्रार झाली नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. कापलेलं परत जोडलं गेलं होतं, आणि जोडलेलं सगळं १९७२ मध्येच चित्रित झालेलं होतं.

घरी चित्रपट ठेवण्याच्या कल्पनेशी या चित्रपटाच्या मालक स्टुडिओचं नातं विचित्र होतं. घरात टीव्हीवरून ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्या यंत्रावर बंदी आणावी म्हणून १९७६ मध्ये खटला भरणाऱ्यांत हाच स्टुडिओ पुढे होता. याच उद्योगसमूहाने १९७८ च्या अखेरीस लेझरडिस्क, म्हणजे आधीच मुद्रित केलेले चित्रपट घरी बघायची मोठी तबकडी, मात्र बाजारात आणली. त्यांचा आक्षेप घरी चित्रपट बघण्याला नव्हताच. ताबा कुणाचा, हा मुद्दा होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी यंत्राच्या बाजूने निकाल दिला, आणि व्हीएचएस कॅसेटचं दशक सुरू झालं.

गाण्यांवर उभ्या असलेल्या चित्रपटांना त्या दशकाने बराच त्रास दिला. जुन्या करारांत थिएटर आणि टीव्ही यांचा उल्लेख असे. कॅसेट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. १९८८ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की टीव्हीवर दाखवायचा परवाना म्हणजे कॅसेट विकायचा परवाना नव्हे. तो खटला १९६९ च्या एका चित्रपटातल्या गाण्यावरून झाला होता, आणि त्याचा दिग्दर्शक म्हणजे ‘ग्राफिटी’च्या रात्रींना उजेड देणारा छायाचित्रण सल्लागारच. अशा अडचणींमुळे कित्येक चित्रपटांच्या कॅसेटवर मूळ गाणी काढून दुसरीच बसवली गेली. ‘ग्राफिटी’तली एकेचाळीस गाणी शाबूत राहिली हे या चित्रपटाच्या चाहत्यांचं नशीबच.

चित्राचं नशीब तितकं चांगलं नव्हतं. तेव्हाच्या टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी होता. त्यात रुंद चित्र बसवायला ‘पॅन अँड स्कॅन’ पद्धत वापरली जाई: चित्राचा एक तुकडा निवडायचा, बाकीचं सोडून द्यायचं. या हिशेबात ‘ग्राफिटी’च्या प्रत्येक फ्रेमचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जातो. इतर काही चित्रपटांत निगेटिव्हवर वर-खाली जादा चित्र शिल्लक असे, ते उघडं करून चौकोन भरता येई. दोन छेदांच्या फ्रेममध्ये तशी शिल्लक नसते. आणि हा तर शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांचा चित्रपट! एका खिडकीतून चिडवायचं, दुसऱ्या खिडकीतून उत्तर द्यायचं, दोन्ही चेहरे एकाच फ्रेमच्या दोन टोकांना. कॅसेटवर एक बोलतो तेव्हा दुसरा पडद्याबाहेर. विनोद ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, आणि तोच चेहरा कापला गेलेला असतो. ज्या पिढीने हा चित्रपट केवळ कॅसेटवर पाहिला तिला तो थोडा संथ वाटला, याचं मोठं कारण हेच असावं असं माझं मत आहे. पूर्ण रुंद चित्र दाखवताना वर-खाली येणाऱ्या लेटरबॉक्सच्या काळ्या पट्ट्या लेझरडिस्कमुळे रुळल्या आणि डीव्हीडीने त्या घरोघरी नेल्या.

आता आकाशाकडे. १९९८ मध्ये पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याच्या निमित्ताने चित्रपट डीव्हीडीवर आला. पहिलाच शॉट: ड्राइव्ह-इन उपाहारगृहाची दर्शनी बाजू, पेटलेली पाटी, शीर्षक, ‘रॉक अराउंड द क्लॉक’. १९७३ मध्ये त्या इमारतीमागचं आकाश फिकट, सपाट, काहीसं मळकं होतं, कारण त्या संध्याकाळी ते तसं होतं. १९९८ मध्ये तिथे संगणकाने केलेला सूर्यास्त आला, नारिंगी-गुलाबी ढगांचा. बदल दिग्दर्शकाच्या इच्छेने झाला.

एका शॉटवरून एवढा वाद का? त्याला दहा वर्षांपूर्वीचा संदर्भ आहे. मार्च १९८८ मध्ये हाच दिग्दर्शक अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला गेला होता. तेव्हा कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग चढवण्याचा धंदा जोरात होता. त्याने त्याविरुद्ध अतिशय कळकळीने बाजू मांडली. पुढे तंत्र इतकं सोपं होईल की जुनी निगेटिव्ह हरवतील आणि त्यांच्या जागी बदललेली येतील, आणि समाजाचं त्यात मोठं नुकसान होईल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी चित्रपट जतनाचा कायदा झाला आणि जतन करण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९९५ मध्ये ‘अमेरिकन ग्राफिटी’ त्या नोंदवहीत गेला. तीन वर्षांनी त्याचं आकाश बदललं.

त्याच्या समर्थकांचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. साक्ष होती ती मूळ कर्त्याला न विचारता इतरांनी केलेल्या बदलांविरुद्ध. इथे बदल खुद्द दिग्दर्शकाने केला. शिवाय तो एका शॉटपुरता आहे, गोष्टीला धक्का नाही, आणि पैसे-वेळ हाताशी असता तर १९७२ मध्येही त्याने चांगल्या संध्याकाळची वाट पाहिली असती. कायद्याच्या अंगानेही आडकाठी नव्हती. १९८८ च्या कायद्यात नोंदवहीतल्या चित्रपटात मोठा बदल केल्यास तशी सूचना छापायची अट होती, पण तीही दिग्दर्शकाच्या सहभागाशिवाय झालेले बदल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. १९९२ मध्ये तर ती अटच गेली.

तरी मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. त्या साक्षीत मूळ कर्त्याच्या हक्काइतकीच पुढच्या पिढ्यांच्या हक्काची बाजू मांडलेली होती, आणि पुढच्या पिढीच्या दृष्टीने बदल कुणी केला याने फरक पडत नाही. मूळ उपलब्ध नाही, एवढंच तिला कळतं. दुसरं, ते आकाश खरं होतं. ते उपाहारगृह सॅन फ्रान्सिस्कोत होतं, चित्रीकरणासाठी मुद्दाम उघडलं गेलं आणि १९७६ मध्ये पाडलं गेलं. तो शॉट त्या जागेचा शेवटच्या दिवसांतला पुरावाही आहे. आणि तिसरं, दिसण्याचं. मागचं आकाश रसरशीत झालं की पुढची पाटी मंदावते. मूळ शॉटमध्ये संध्याकाळ विझत असते आणि निऑन जिंकत असतो. रात्रीचा चित्रपट सुरू होतोय हे त्यामुळे कळतं. नव्या शॉटमध्ये नजर आधी ढगांवर जाते.

२०११ च्या ब्लू-रेवरही तेच आकाश आहे. त्या डिस्कसाठी दिग्दर्शकाने चित्राच्या कोपऱ्यात स्वतः दिसत चित्रपटभर भाष्य केलं आहे, आणि चित्रीकरणाच्या अडचणींबद्दल त्यात भरपूर ऐकायला मिळतं. २०२३ च्या ४के डिस्कसोबत टेक्निस्कोपचा जुना मुद्दा पुन्हा वर आला. निम्म्या आकाराच्या निगेटिव्हमधून बारकावे किती निघणार याला मर्यादा आहे. पडदा मोठा झाला की कण दिसणारच, आणि ते पुसायला गेलं की चेहऱ्यांवरची कातडी मेणासारखी होते. फायदा असला तर तो उजेड-अंधाराच्या वाढलेल्या पल्ल्यात: ओल्या रस्त्यावरचं निऑन, बॉनेटवरून सरकणारे दिवे.

तांत्रिक अडचण आता कुठलीच उरलेली नाही. १९८२ च्या एका विज्ञानपटाच्या पाच वेगवेगळ्या आवृत्त्या २००७ मध्ये एकाच संचात आल्या आणि कुणाचा कुणाला त्रास झाला नाही. ‘ग्राफिटी’च्या बाबतीत तर दोनच पुरेत: दिग्दर्शकाला पसंत असलेली, आणि ऑगस्ट १९७३ ची, तीन प्रसंगांशिवाय, मोनो आवाजात, त्या संध्याकाळच्या आकाशासह. त्यासाठी हवी ती हक्क बाळगणाऱ्या स्टुडिओची आणि दिग्दर्शकाची संमती.