‘रन’चे ६४५ अर्थ : पार्श्वभूमी

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता, या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके ‘सेट’ असे दिले जात असे. २०११ पासून ते ‘रन’ असे दिले जाते. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्या वर्षी पूर्ण केलेल्या सुधारित नोंदीत ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत आणि ही एक नोंद सिद्ध करण्यात कोशकार पीटर गिलिव्हर यांचे सुमारे नऊ महिने गेले. एवढ्याशा शब्दाचा हा पसारा समजून घ्यायचा, तर शब्दाइतकाच कोशरचनेचाही इतिहास पाहावा लागतो.

अशा शब्दांची अडचण प्रथम स्पष्टपणे मांडली ती इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी. १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’ अशा क्रियापदांची यादी देऊन, भाषा जिवंत आहे तोवर या शब्दांचे अर्थ घडोघडी सरकत राहणार, ते कोशात पक्के बांधता येणार नाहीत, अशी कबुली दिली. तरीही ‘टेक’चे १३४ अर्थ त्यांनी वेगळे केलेच.

पुढे १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषाभ्यासकांच्या संस्थेत, नव्या कोशाची कल्पना पुढे आली; हाच पुढे ऑक्सफर्ड कोश म्हणून ओळखला गेला. जेम्स मरे १८७९ मध्ये त्याचे संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम संपले ते १९२८ मध्ये, मरे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी. या कोशाचे तत्त्व ऐतिहासिक होते : प्रत्येक अर्थाला लेखनातील पुरावा हवा, तो सालासह द्यायचा आणि अर्थांचा विकास कालक्रमाने दाखवायचा. स्वयंसेवकांनी वाचनातून शब्दांचे वापर उतरवून पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्यांवर हे काम उभे राहिले. या शिस्तीमुळे दोन वापरांतील बारीक फरकही स्वतंत्र अर्थ म्हणून नोंदला जाऊ लागला. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ झाले आणि ती नोंद जवळजवळ साठ हजार शब्दांची भरली, म्हणजे एका छोट्या पुस्तकाएवढी.

‘रन’ मूळचा जर्मानिक कुळातील शब्द असून त्याच्या आजच्या रूपाला जुनी इंग्रजी आणि जुनी नॉर्स (स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषा) या दोन्ही भाषांचा हातभार लागला आहे. माणसाचे किंवा जनावराचे धावणे आणि पाण्याचे वाहणे हे त्याचे फार जुने अर्थ. वाहण्यातून नाक गळणे आणि कापडाचा रंग जाणे आले. पुढे रस्ता अमुक दिशेने ‘धावू’ लागला, म्हणजे जे मुळीच हलत नाही त्यालाही हे क्रियापद लागले. मात्र खरी भर पडली ती यंत्रयुगात. यंत्र चालते, आगगाडी ठरल्या वेळी सुटते, कारखाना चालवला जातो आणि नंतर संगणकावरील प्रोग्रॅमही चालतो, या सगळ्यांसाठी इंग्रजीने नवा शब्द न घडवता हाच वापरला. क्रिकेटमधील धाव आणि ठेवी काढून घेण्यासाठी बँकेवर उडणारी झुंबड ही या शब्दाचीच नाम म्हणून वापरलेली रूपे आहेत. निवडणुकीत मात्र अमेरिकेतील उमेदवार ‘धावतो’, तर ब्रिटनमधील परंपरेने ‘उभा राहतो’.

इंग्रजीचे व्याकरणही या विस्ताराला अनुकूल आहे. जुने प्रत्यय झिजल्यामुळे एकच रूप नाम आणि क्रियापद अशी दोन्ही कामे करते. शिवाय ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘इन्टू’ यांसारखे छोटे शब्द जोडले की संपणे, गाडीखाली चिरडणे, निंदा करणे, अचानक गाठ पडणे असे एकमेकांपासून दूरचे अर्थ तयार होतात. (भूक, आग, नोकरी आणि ठेच या चारही गोष्टी ‘लागतात’, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये.)

तरीही ६४५ आणि ४३० या आकड्यांची थेट तुलना करणे बरोबर नाही. अर्थ कुठे संपतो आणि त्याची छटा कुठे सुरू होते, हे संपादक ठरवतो, आणि दुसरा कोश त्याच शब्दाचे काही डझन अर्थ देऊन थांबू शकतो. शिवाय १९८९ ची आवृत्ती बहुतांशी जुन्या मजकुरावरच उभी होती. नव्या आवृत्तीसाठीची सुधारणा २००० मध्ये ‘एम’ या अक्षरापासून प्रसिद्ध होऊ लागली, त्यामुळे ‘रन’ची नव्याने छाननी झाली तेव्हा ‘सेट’ची पाळी अजून यायची होती.