गोदावरीचा नकाशा मागवताना गावांची यादी आधी द्या

जलरंगातला नकाशा मागवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा फोन चित्र अर्धं झाल्यावर येतो: "आमचं आजोळ राहिलं, तेवढं टाका ना." तेवढं टाकता येत नाही. का, ते सांगतो.

पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. नकाशावर तुमच्या गावाचा पांढरा ठिपका दिसतो, तिथे आम्ही रंगाआधीच मास्किंग फ्लुइडचा, म्हणजे खाली रंग जाऊ न देणाऱ्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवाचा, थेंब ठेवलेला असतो. मग सह्याद्रीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत सगळ्या खोऱ्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, कागद ओला असेतो एका दमात द्यावा लागतो. मध्ये थांबलं की कडेची रेघ उमटते. वाळलेला रंग ओल्या ब्रशने उचलायला जावं, तर डाग राहतो आणि कागदाचे तंतू निघतात. वरून पोस्टर कलरचा ठिपका देणं सोपं आहे, पण तो चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही तो देत नाही. चित्र नव्यानेच करावं लागतं, आणि त्यात आठवडा जातो.

यादी देताना गावाबरोबर तालुका लिहा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवा. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत, तुम्हाला माहीतच आहे. गाव खरंच गोदेकाठी आहे की प्रवरा, सिंदफणेच्या काठी, हेही एकदा घरच्या मोठ्यांना विचारा. गोदेला गंगाच म्हणायची सवय असेल आणि "गंगेकाठी" लिहिलंत, तरी आम्हाला कळतं.

ज्यांचं मूळ गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं, त्यांनी ते आवर्जून सांगावं. नाथसागराच्या फिकट निळ्यात आम्ही जुनं पात्र गडद रेघेने दाखवतो आणि गावाचा ठिपका जुन्या जागीच ठेवतो. याचे जादा पैसे घेत नाही.

गोदावरी वळणांसकट १,४६५ किलोमीटरची आहे. २२ × ३० इंची कागदावर एका सेंटिमीटरात साधारण १३ किलोमीटर बसतात, त्यामुळे शेजारशेजारची गावं एकमेकांना चिकटतात. सात-आठ गावं जवळजवळची असतील तर नाशिक ते नांदेड एवढाच टप्पा घ्या. किंमत तीच, गावं मोकळी दिसतात. भिंतीवरची जागा उभी, अरुंद असेल तर गोदावरीचा हट्ट नको, ती पश्चिमेकडून पूर्वेला जाते. उभ्या कागदावर वैनगंगा-प्राणहिता सुरेख बसते.

यादी आली की पेन्सिलच्या आराखड्याचा फोटो पाठवतो. घरात सगळ्यांना दाखवा, आजीला नक्की दाखवा. तुमचा होकार आल्यावरच आम्ही कागद भिजवतो.