रस्त्यावरची ड्रग टेस्ट

गाडी चालवणाऱ्यानं गांजा, एमडी, कोकेन असलं काही घेतलंय का ते गाडी थांबवून जागेवरच बघायचं, ही रस्त्यावरची ड्रग टेस्ट. दारूसाठी मशीनमध्ये फुंकायला लावतात ते सगळ्यांना माहितीये, पण गांजा ओढलेला माणूस त्यात कितीबी फुंकू दे, आकडा शून्यच, कारण ते मशीन फक्त अल्कोहोल ओळखतं.

म्हणून मग लाळ घेतात. जिभेवरनं, गालाच्या आतनं काडी फिरवायची आणि पट्टीवर बघायचं, आणि इथं गंमत अशी की बहुतेक किट कोविडच्या किटच्या उलटे असतात, म्हणजे ड्रगसमोरची रेघ उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. गांजानं तोंड कोरडं पडतं त्यामुळं पुरेशी लाळ निघायलाच वेळ जातो. लघवीपेक्षा लाळ बरी, कारण रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत नशा उतरल्यावरही कित्येक दिवस अंश सापडतो, लाळेत मात्र साधारण ताजाच दिसतो. तरी पट्टी फक्त 'घेतलंय' एवढंच सांगते, 'चढलीय का' ते नाही, आणि खरी अडचण हीच आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं २००४ च्या डिसेंबरमध्ये कुणालाही थांबवून अशी तपासणी सुरू केली, इंग्लंडनं २०१५ पासून एकेका ड्रगची रक्तातली मर्यादाच ठरवून टाकली.

आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. दारूला आकडा आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ड्रगला तसा आकडाच नाही, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल पाहिजे. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार किंवा दोन्ही. हा अंमल दाखवायचा कसा? रक्त डॉक्टरनंच काढायचं, म्हणजे कोल्हापूरजवळ शिरोलीला किंवा कागलच्या बॉर्डरजवळ रात्री ट्रक अडवला तर ड्रायव्हरला सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर जवळच्या दवाखान्यात न्या, मग सॅम्पल लॅबला, मग रिपोर्टची वाट बघा. फुंकण्याएवढं सोपं नाही ते.

औषधांचं अजून वेगळंच. कोडीनचं कफ सिरप, झोपेची गोळी यांनीही अंमल चढतो आणि या कलमात डॉक्टरच्या चिठ्ठीला वेगळी सूट लिहिलेली नाही. उलट सर्दीची गोळी खाऊन गगनबावड्याच्या घाटात पेंगणारा पट्टीत सापडतच नाही, कारण पट्टी ठरावीक ड्रग्जसाठीच बनवलेली असते.