मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः बनवण्याच्या छंदाची पार्श्वभूमी

बाजारातला तयार कीबोर्ड न घेता, कळांच्या मांडणीपासून सर्किटपर्यंत सगळे स्वतः आखून मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असलेला कीबोर्ड, बनवण्याचा छंद आता पुण्यातही दिसू लागला आहे. बघणाऱ्याला हा परदेशातून आलेला खर्चिक शौक वाटतो, आणि तो खर्चिक आहे याबद्दल वादच नाही. मात्र या छंदात हाताळले जाणारे जवळजवळ प्रत्येक माप आणि प्रत्येक सुटा भाग पूर्वी कोणीतरी भलत्याच गरजेपोटी ठरवलेला आहे, आणि मराठी टंकलेखनापुरते पाहिले तर त्यातल्या काही निर्णयांचा पुण्याशी थेट संबंध आहे. हा इतिहास ठाऊक नसेल तर परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलला जातो, आणि मराठी टंकताना त्यात ‘ड’ कुठे आहे हे शोधत बसावे लागते.

सुरुवात टाइपरायटरपासून करावी लागते. क्रिस्तोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांना १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र विक्रीस आणले. त्या यंत्रात प्रत्येक कळेखालून एक दांडी मागे जात असे, आणि खालच्या ओळीच्या दांड्यांना वरच्या ओळीच्या दांड्यांमधून वाट मिळावी म्हणून कळांच्या ओळी एकमेकींपासून तिरक्या सरकवाव्या लागल्या. आजच्या कीबोर्डात दांड्या नाहीत, तरीही क्यू आणि ए यांच्या ओळींत पाव कळेचा, तर ए आणि झेड यांच्या ओळींत अर्ध्या कळेचा सरक कायम आहे. शेजारच्या दोन कळांच्या मध्यांतले १९.०५ मिलिमीटर हे विचित्र वाटणारे अंतरही मुळात पाऊण इंच आहे. नवखा मनुष्य संगणकावर पहिला आराखडा काढायला बसतो तेव्हा हाच आकडा त्याला प्रथम भरावा लागतो.

देवनागरीला टाइपरायटरवर बसवताना अडचण निराळी होती. सुमारे शेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन खुणा, एवढ्यात स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे कोंबायची होती. म्हणून अर्ध्या अक्षरांना जागा देण्यात आली आणि काना वेगळ्या कळेवर गेला. ‘ख’ हवा असेल तर आधी अर्धा ‘ख्’ आणि मग काना दाबायचा. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे. ऱ्हस्व वेलांटी मात्र कागदावर अक्षराच्या डावीकडे येते म्हणून ती आधी टंकावी लागे. ही मांडणी कागदाच्या हिशेबाने झाली होती, उच्चाराच्या नव्हे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला, आणि पुढे जिल्हा न्यायालयांच्या आवारापासून तहसील कचेऱ्यांपर्यंत तो दिसू लागला. टंकलेखनाच्या मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे. या परीक्षांच्या तयारीमुळे गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट चालल्या आणि टाइपरायटरच्या या मांडणीची, म्हणजे रेमिंग्टन पद्धतीची, मराठी बोटे पिढ्यानपिढ्या तयार होत गेली. पुढे परीक्षा संगणकावर आली, पण बोटांची सवय यंत्राइतक्या लवकर मोडीत निघत नाही.

दुसरी वाट इन्स्क्रिप्ट या संगणकासाठी आखलेल्या कळमांडणीची. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम झाले त्यात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाल्यावर जिस्ट या नावाने ओळखले जाणारे ते तंत्रज्ञान इथे आले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळमांडणी प्रमाण ठरवली, आणि भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात तिला स्थान दिले. तिचे तत्त्व साधे आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि अल्पप्राण व महाप्राण यांची जोडी एकाच कळेवर. ‘क’ नुसता दाबला की येतो, शिफ्टसह ‘ख’. ‘त’च्या कळेवर ‘थ’, ‘प’च्या कळेवर ‘फ’. ‘ल’च्या वर ‘ळ’ आहे, आणि ‘र’च्या वर ‘दऱ्या’ लिहायला लागणारा ‘ऱ’. वर्णमालेच्या रचनेवर उभी असलेली ही मांडणी माझ्या मते टाइपरायटरच्या मांडणीपेक्षा कितीतरी सरस आहे. तरीही छपाईच्या व्यवसायात ती सहजासहजी रुजली नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. डीटीपीच्या काळात पेठांमधल्या अक्षरजुळणीच्या कामाला पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे आली, आणि त्यांत टाइपरायटरची मांडणी निवडण्याची सोय होती. ज्याचे पोट पानामागे मिळणाऱ्या पैशांवर चालते तो वेग का गमावेल?

कळेखालच्या स्विचची गोष्ट मात्र युरोप-अमेरिकेत घडली. आयबीएमने १९८१ च्या पीसीबरोबर दिलेल्या आणि १९८५ पासूनच्या मॉडेल एम या कीबोर्डांत कळ दाबताच आतली स्प्रिंग एका क्षणी वाकते आणि बोटाला व कानाला एकदमच खबर देते. जर्मनीतल्या चेरी कंपनीने त्याच दशकाच्या पूर्वार्धात एमएक्स मालिकेचे स्विच आणले. या स्विचचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर असतो आणि साधारण २ मिलिमीटरवर संपर्क जुळतो. नव्वदच्या दशकात रबराच्या घुमटांचा स्वस्त कीबोर्ड सर्वत्र झाला आणि वेगळ्या स्विचचा कीबोर्ड ही जुन्या जमान्याची चीज ठरली. भारतात एक ठळक अपवाद होता. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा गोल्ड हा कीबोर्ड बराच काळ चेरीच्या निळ्या, टकटक वाजणाऱ्या स्विचवर निघत असे, आणि हिशेबनीस, डीटीपीवाले, तिकीट खिडकीवरचे कर्मचारी तो वर्षानुवर्षे बडवत. परदेशात हौशी मंडळी जे स्विच शोधत फिरत होती ते इथे टॅलीच्या टेबलावर धूळ खात पडलेले असत, याची गंमत वाटते. चेरीची पेटंटे संपल्यानंतर गॅटेरॉन, काईल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच नाना प्रकारच्या स्प्रिंगांसह बनवायला घेतले, आणि २०१० नंतरच्या दशकात छंदाला लागणारा कच्चा माल मुबलक झाला.

त्याच सुमारास उरलेले दोन अडसरही दूर झाले. पहिला सर्किटचा. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार दिली तर ६१ कळांना ६१ तारा लागतील आणि एवढे पाय स्वस्त मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे कीबोर्ड चालवणाऱ्या चिपला, नसतात. म्हणून कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडतात. पाच ओळी आणि चौदा स्तंभ म्हणजे १९ पायांत ७० जागा होतात. अशा जाळीत चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतल्या कळा एकदम दाबल्या की चौथी न दाबताच उमटते, म्हणून प्रत्येक स्विचला वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड द्यावा लागतो आणि सगळ्या डायोडांची दिशा एकच ठेवावी लागते. हे सर्किट आखायला कीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि चीनमधल्या शेन्झेनचे कारखाने पाच-दहा नगांची पीसीबीही, म्हणजे सर्किटची छापील पाटीही, करून देतात. दुसरा अडसर फर्मवेअरचा, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामचा. जपानमधल्या एका हौशी प्रोग्रामरच्या टीएमके प्रकल्पातून निघालेल्या क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमुळे कोणत्या कळेने काय करावे हे मालकाने ठरवायचे, असा रिवाज पडला.

पुण्यात आराखडा प्रत्यक्षात उतरवण्याची सोय जुनीच आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत डायोड, तार, सोल्डर मिळते. भोसरीच्या एमआयडीसीत पत्रा लेझरने कापून देणारे कारखाने आहेत. पाबळच्या विज्ञान आश्रमात तर एमआयटीच्या फॅब लॅब उपक्रमातली भारतातली पहिली प्रयोगशाळा सुरू झाली होती. स्विच ज्या प्लेटमध्ये बसतात तिला १४ मिलिमीटरची चौकोनी भोके लागतात आणि जाडी दीड मिलिमीटर लागते, कारण स्विचच्या बाजूची खुंटी एवढ्याच जाडीत अडकते. तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमध्ये ती अडकत नाही. मग स्विच निव्वळ पीसीबीवरच्या सोल्डरच्या आधाराने उभा राहतो. लेझरने कापताना रेषेच्या दोन्ही बाजूंचे धातूही थोडे जळते, म्हणून आराखड्यात भोक किंचित लहान काढावे लागते. कारखान्याला हे आधी सांगितले नाही तर स्विच ढिले बसतात आणि कीकॅप, म्हणजे कळेवरची टोपी, उपसताना स्विचही हातात येतो.

मराठीचा खरा प्रश्न मांडणीचा आहे. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही. यूएसबीच्या मानकानुसार तो कळेचा क्रमांक पाठवतो. रोमन डीची कळ दाबली की ७ हा क्रमांक जातो, आणि त्याचा डी करायचा की इन्स्क्रिप्टमधली पाय मोडण्याची खूण, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. त्यामुळे कोणताही कीबोर्ड मराठीला चालतो असे वाटते, पण तसे नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ‘च’ अर्धविरामाच्या कळेवर, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या कळेवर, ‘ड’ चौकटी कंसाच्या कळेवर आणि ‘ृ’ बरोबरीच्या चिन्हाच्या कळेवर आहे. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ अंकांच्या ओळीत शिफ्टसह आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्याला या कडेच्या कळा क्वचित लागतात, म्हणून लहान कीबोर्ड आखणाऱ्यांनी पहिली कात्री तिथेच लावली. कॉर्नसारख्या ४२ कळांच्या दुभंगलेल्या कीबोर्डात अंकांची ओळ नसते आणि कंसाच्या कळा दुसऱ्या थरात, म्हणजे एक खास कळ दाबल्यावर लागू होणाऱ्या मांडणीत, जातात. त्यावर ‘गाडी’ लिहितानाही थर बदलावा लागतो. मराठीत लिहिणाऱ्याने उजव्या हाताला एक स्तंभ वाढवून घ्यावा हे बरे. उलट अंगठ्याखालच्या कळा मराठीला फार उपयोगी पडतात, कारण जोडाक्षरांमुळे सतत लागणारी पाय मोडण्याची खूण तिथे आणता येते. त्यासाठी फर्मवेअरमध्ये मराठीचा स्वतंत्र थर करावा लागतो. नाहीतर इंग्रजीत लिहिताना त्याच कळेवर डी उमटत राहतो.

कळांवरच्या अक्षरांची बाजू अजून लंगडी आहे. दोन रंगांचे प्लास्टिक एकात एक ओतून बनवलेल्या कीकॅपला प्रत्येक खुणेसाठी वेगळा साचा लागतो, आणि मागणी हजारोंनी नसेल तर तो खर्च कोणी करत नाही. उष्णतेने शाई पीबीटी प्लास्टिकमध्ये मुरवण्याच्या पद्धतीत साचा लागत नाही, म्हणून देवनागरी कीकॅपचे थोडे संच काढायचे तर तीच परवडते. मात्र त्यात शाई प्लास्टिकपेक्षा गडद असावी लागते, त्यामुळे काळ्या कळेवर पांढरा ‘अ’ हवा असणाऱ्याला सहसा फिकट रंगाच्या कळांवर भागवावे लागते.