‘अलेक्सा’ ऐकते, म्हणजे नेमकं कोण ऐकतं?

२८ मार्च २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या ‘अलेक्सा’ ही बोलकी मदतनीस ज्यांत असते त्या आपल्या काही ‘एको’ स्पीकरवरची एक सोय काढून घेतली. ही सोय सुरू असली की बोललेल्या शब्दांचा उलगडा स्पीकरमध्येच होई. आवाजाची नोंद कंपनीच्या सर्व्हरकडे जात नसे, फक्त मजकूर जाई. ‘अलेक्सा प्लस’ या नव्या आवृत्तीचं काम क्लाउडवरच, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच चालणार, म्हणून ही सोय बंद, असं कंपनीने ग्राहकांना ईमेलने कळवलं. बातमी फुटली आणि गदारोळ झाला. आता गंमत अशी की ही सोय मुळात अगदी मोजकेच ग्राहक वापरत होते. तरीही जे कधी या सेटिंगकडे फिरकले नव्हते, तेही चिडले. कारण राग त्या एका बटणापुरता नव्हता. तो दहा वर्षं साचत आला होता.

एको पहिल्यांदा जाहीर झाला ६ नोव्हेंबर २०१४ला. निमंत्रण मिळालेल्या प्राइम सदस्यांना तो ९९ डॉलरला मिळत होता. काळा उभा नळकांडा, त्यात सात मायक्रोफोन, खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून हाक मारली तरी ऐकू जाईल अशी रचना. यंत्राशी बोलणं तोवर नवं राहिलं नव्हतं. अ‍ॅपलची ‘सिरी’ ऑक्टोबर २०११पासून आयफोनवर होती. पण तेव्हाची सिरी बटण दाबलं की ऐकायची, आणि फोन ज्याच्या हातात त्याचंच ऐकायची. एकोने माइक हातातून काढून खोलीत नेऊन ठेवला. आता तो खोलीतल्या सगळ्यांचं ऐकणार होता. ज्यांनी तो विकत घेतला नव्हता त्यांचंही.

कंपनीची बाजू तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे: यंत्र सतत कान देऊन असतं ते फक्त स्वतःच्या नावासाठी. काही सेकंदांचा आवाज यंत्रातच येतो आणि पुसला जातो. ‘अलेक्सा’ ही हाक ओळखली की दिवा लागतो आणि तिथून पुढचं बोलणं सर्व्हरकडे जातं. तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे. अडचण आहे ती हाक ओळखण्यात. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये हजाराहून अधिक असे शब्द आणि शब्दसमूह गोळा केले, जे ऐकून ही यंत्रं चुकून जागी होतात. ‘इलेक्शन’ म्हटलं तरी अलेक्सा उठते, हे त्यातलंच. म्हणजे यंत्र ‘सतत नोंद करत नाही’ हे मान्य केलं, तरी ‘तुम्ही बोलावल्याशिवाय कधीच नोंद करत नाही’ असं त्यातून निघत नाही. पुढची सगळी वादावादी या दोन विधानांमधल्या फटीत घडली.

सुरुवातीच्या काळात लोकांचं लक्ष या फटीकडे नव्हतं. स्वयंपाक करताना टायमर लावता येतो, हात पिठात असताना गाणं बदलता येतं, यावरच खरेदीदार खूश होते. पहिला धक्का स्पीकरने दिलाच नाही, तो दिला टीव्हीने. फेब्रुवारी २०१५मध्ये सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीच्या गोपनीयता धोरणातलं एक वाक्य लोकांच्या नजरेस पडलं: तुमच्या बोलण्यात खासगी किंवा संवेदनशील काही असेल, तर तेही टिपलं जाऊन तिसऱ्या पक्षाकडे जाऊ शकतं. वाक्य कंपनीनेच लिहिलेलं होतं, चोरून काही नव्हतं. ते कुणी वाचलं नव्हतं, इतकंच. त्याच वर्षी मॅटेलची बोलणारी ‘हॅलो बार्बी’ आली आणि मुलांच्या गप्पा सर्व्हरवर कशाला, म्हणून पालक संघटनांनी ओरड केली. जर्मनीने तर फेब्रुवारी २०१७मध्ये ‘माय फ्रेंड केला’ नावाच्या बाहुलीवर बंदीच घातली. छुपं टेहळणीचं उपकरण, असा ठपका ठेवून तिथल्या दूरसंचार नियामकाने पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. एका बाहुलीसाठी एवढं करणारा देश दुसरा कुठला असेल असं वाटत नाही. पण नाझी आणि पूर्व जर्मनीतली साम्यवादी, अशा दोन हुकूमशाह्यांचं हेरखातं अनुभवलेल्या समाजाला हा विषय विनोदाचा वाटत नाही.

अमेरिकेत मात्र २०१७ हे वर्ष बरंचसं हसण्यावारीच गेलं. डॅलसमधल्या सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकरवी बाहुलीचं घर मागवलं. सॅन डिएगोच्या एका वाहिनीवर निवेदकाने ही बातमी सांगताना तेच वाक्य उच्चारलं, तर प्रेक्षकांच्या घरातले स्पीकर तीच खरेदी करू पाहायला लागले. एप्रिलमध्ये बर्गर किंगने पंधरा सेकंदांची जाहिरात काढली, तिच्यातला माणूस शेवटी ‘ओके गूगल’ म्हणून बर्गरबद्दल विचारायचा, आणि समोरच्या घरातलं ‘गूगल होम’, म्हणजे गूगलचा स्पीकर, विकिपीडियावरचा उतारा वाचून दाखवू लागायचं. खोडकरांनी तो विकिपीडियावरचा लेखच बदलून टाकला, आणि गूगलने काही तासांत त्या जाहिरातीचा आवाज आपल्या यंत्रापुरता निकामी केला. हसू येतं. पण घरातलं यंत्र घरच्यांचीच आज्ञा पाळतं असं नाही, हेही त्यातून दिसलं होतं.

त्याच सुमारास आर्कान्सामधल्या एका खून प्रकरणात पोलिसांनी आरोपीच्या घरातल्या एकोच्या नोंदी मागितल्या. अ‍ॅमेझॉनने आधी विरोध केला, मग आरोपीनेच परवानगी दिल्यावर मार्च २०१७मध्ये त्या सोपवल्या. पुढे खटला मागे घेतला गेला. या प्रकरणाने अनेकांना पहिल्यांदाच कळलं की अशा नोंदी कुठेतरी साठलेल्या असतात. मे २०१८मध्ये पोर्टलंडच्या एका कुटुंबातलं खासगी संभाषण नोंद होऊन त्यांच्या ओळखीच्या माणसाला आपोआप पाठवलं गेलं. यंत्राने पाठीमागच्या बोलण्यातून आधी आपलं नाव, मग ‘संदेश पाठव’, मग त्या माणसाचं नाव आणि शेवटी होकार ‘ऐकला’, असं स्पष्टीकरण अ‍ॅमेझॉनने दिलं. एकामागून एक चार गैरसमज! त्याच वर्षी जर्मनीत एका ग्राहकाने युरोपच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन स्वतःची माहिती मागवली, तर त्याला परक्याच माणसाच्या सुमारे १,७०० नोंदी मिळाल्या. ‘सी’टी’ (c’t) या जर्मन संगणक नियतकालिकाच्या पत्रकारांनी केवळ त्या ऐकून तो परका माणूस शोधूनही काढला.

खरं वळण आलं २०१९मध्ये. १० एप्रिलला ब्लूमबर्गने छापलं की अलेक्साच्या नोंदींचे तुकडे हजारो माणसं ऐकतात, लिहून काढतात आणि त्यांवर शेरे मारतात, म्हणजे यंत्राला पुढच्या वेळी तसं बोलणं कळावं. एकेक जण एका पाळीत हजारापर्यंत तुकडे ऐकतो. ही माणसं बॉस्टनमध्ये होती, कोस्टा रिकात, रुमानियात आणि भारतात. जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीने गूगल असिस्टंटच्या हजारावर नोंदी ऐकल्या. त्यांतल्या १५३ अशा होत्या की कुणी यंत्राला हाकच मारली नव्हती. आणखी दोन आठवड्यांनी गार्डियनने सिरीचं तेच उघड केलं: डॉक्टर-रुग्णांची बोलणी, व्यवहाराच्या गोष्टी, शय्यागृहातले आवाज, सगळं कंत्राटी कामगारांच्या कानावर जात होतं.

या तीन बातम्यांनी लोकांच्या तक्रारीचा रोखच बदलला. तोवर चिंता होती ‘यंत्र ऐकतं का?’ आता प्रश्न आला ‘माणूस ऐकतो का?’ आणि हे वेगळं आहे. सर्व्हरवर कुठेतरी पडलेल्या फाइलीची भीती बहुतेकांना वाटत नाही, पण हेडफोन लावून बसलेला कुणीतरी अनोळखी माणूस डोळ्यांसमोर आला की पोटात गोळा येतो. कंपन्यांनी हे दडवलं होतं असंही म्हणता येत नाही. सेवेत सुधारणा करण्यासाठी नोंदी वापरल्या जातात, असं अटींमध्ये होतंच. पण ‘वापरल्या जातात’ या कर्मणी प्रयोगाआड माणसं आहेत, हे स्वच्छ सांगितलेलं नव्हतं.

प्रतिसादातला फरक लक्षात ठेवण्याजोगा. अ‍ॅपलने ऐकण्याचं काम थांबवलं, ऑगस्ट २०१९च्या शेवटी माफी मागितली आणि पुढे ग्राहकाने स्वतःहून होकार दिला तरच त्याच्या नोंदी तपासायच्या असं ठरवलं. गूगलही याच वाटेने गेलं. अ‍ॅमेझॉनने नकार देण्याची सोय दिली, म्हणजे सेटिंगमध्ये खोल शिरून ज्याने ते बटण शोधलं त्याची सुटका. बाकीच्यांचं मौन म्हणजे संमती. माझ्या मते या सगळ्या इतिहासात ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, कारण यंत्र घरी आणल्यावर सेटिंग उघडून पाहणारा माणूस दुर्मीळ असतो.

त्याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये ११६ स्पीकरमालकांना त्यांच्याच घरातल्या जुन्या नोंदी ऐकवून मत विचारलं. आपल्या नोंदी कायमच्या साठतात आणि आपल्याला त्या पुन्हा ऐकता येतात, हे जवळजवळ निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. त्या कायम ठेवणं बहुतेकांना पटलं नाही. आणि स्वतःपेक्षा मुलांच्या व पाहुण्यांच्या नोंदींबद्दल ते जास्त हळवे होते. त्याआधी २०१८मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात सतरा वापरणाऱ्यांशी आणि सतरा न वापरणाऱ्यांशी सविस्तर बोलणं झालं होतं. माइक बंद करण्याचं बटण वापरणारे फारसे भेटलेच नाहीत. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ किंवा ‘गूगलला तसंही सगळं ठाऊक आहे’ अशा समजुतीवर लोकांनी स्वतःचं समाधान करून घेतलं होतं. प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेच्या २०१९च्या पाहणीत अमेरिकेतल्या दर चार प्रौढांमागे एकाच्या घरी स्मार्ट स्पीकर होता, आणि त्या घरांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना गोळा होणाऱ्या माहितीची कमीअधिक काळजी वाटत होती. काळजी वाटूनही स्पीकर चालू होताच. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला ते तसं वाटत नाही. ज्या गोष्टीत आपल्या हाती फारसं काही नाही असं माणसाला वाटतं, तिथे तो कुरकुरतो आणि पुढे जातो.

भारतात हे यंत्र आलं ऑक्टोबर २०१७मध्ये. छोटा ‘एको डॉट’ ४,४९९ रुपयांना, मोठा एको ९,९९९ला. योगायोग असा की दोनच महिने आधी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला होता. हक्क मिळाला, पण त्याचा कायदा यायला आणखी सहा वर्षं लागली. मधल्या काळात माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११चे नियम होते, त्यात बोटांच्या ठशांबरोबर आवाजाची ठेवणही संवेदनशील माहितीत मोडत असे. पण त्या नियमांचा धाक कुणाला वाटल्याचं आठवत नाही.

गूगल असिस्टंट मराठी बोलू लागलं ते २०१८च्या ऑगस्टमध्ये, अलेक्सा हिंदी शिकली सप्टेंबर २०१९मध्ये. भाषेचा मुद्दा इथे कौतुकापुरता नाही. यंत्राला कोल्हापूरची मराठी आणि नागपूरची मराठी कळायची तर त्या बोलण्याचे नमुने लागतात, आणि ते ऐकून लिहून काढणारी मराठी माणसं लागतात. २०१९च्या बातम्यांमध्ये भारत म्हणूनच दोन्ही बाजूंना दिसतो: ग्राहकांचा बाजार म्हणून, आणि परक्यांचं बोलणं ऐकत बसणाऱ्यांचा देश म्हणूनही. इथल्या चर्चेत दुसरी बाजू फारशी आलीच नाही.

आपल्याकडच्या घरांचा आणखी एक पेच आहे. सकाळी आरती लावायला, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला, दिवे-पंखे चालवायला स्पीकर घेतो तो एक जण. त्याच्या कक्षेत वावरतात आजी-आजोबा, शिकवणीला येणारी मुलं, धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी, आठ दिवस मुक्कामाला आलेले पाहुणे. खात्यावर ‘मान्य’ दाबणारं बोट एकाचंच. मावशींना तर त्या गोल डब्यात माइक आहे हेही कुणी सांगितलेलं नसतं. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलेला आहे, म्हणजे घरमालकावर काही जबाबदारी येत नाही. कंपनीवर येते. पण ज्याचं खातं नाही अशा माणसाची संमती कंपनी कशी घेणार, याचं सरळ उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडत नाही.

परदेशात दंड आणि तडजोडी तोवर सुरू झाल्या होत्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मे २०२३मध्ये अलेक्साच्या मुलांच्या नोंदींवरून अ‍ॅमेझॉनकडून अडीच कोटी डॉलर वसूल करण्याचं ठरवलं. पालकांनी पुसायला सांगूनही मजकूर राखून ठेवल्याचा आरोप होता. अ‍ॅपलने जानेवारी २०२५मध्ये सिरीच्या खटल्यात साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली, चूक मान्य न करता. ग्राहकाच्या वाट्याला त्यातून एका उपकरणामागे जास्तीत जास्त वीस डॉलर.

भारतीय कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होतील. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल, आणि सुरक्षेत हयगय झाल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या बावीस भाषांत मराठी आहे.